एक अष्टमांशाचा ताप

रिमोटवर चालणारी, पण पोटात खरंखुरं इंजिन असलेली छोटी गाडी विकत घ्यायला गेलं की खोक्यावर सगळ्यांत मोठ्या टाइपात एक अपूर्णांक छापलेला दिसतो. १/८, १/१०, १/५, १/१६. गाडीची लांबी सांगायला सेंटिमीटर नावाची एक सोय जगात आहे, ही बातमी या धंद्यात अजून कुणापर्यंत पोचलेली दिसत नाही. दुकानातल्या मुलाला मी विचारलं, "यातली मोठी कुठली?" तो म्हणाला, "वन-एट मोठी, काका. वन-टेन तिच्यापेक्षा लहान." शेजारी एक गृहस्थ नातवासाठी १/१६ बांधून घेत होते. आठाच्या दुप्पट सोळा, असा त्यांचा हिशेब असावा. चेहऱ्यावर समाधान होतं, म्हणून मी बोललो नाही. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीने भर दुकानात दुसऱ्याचा छेद सुधारायचा नसतो.

छेद मोठा तेवढी गाडी लहान, एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याच दुकानात वरच्या फळीवर १/१० लिहिलेला मॉन्स्टर ट्रक होता, खालच्या फळीवर १/८ लिहिलेली बग्गी, आणि ट्रक बग्गीपेक्षा डोळ्यांदेखत मोठा होता. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १/८ बग्गीची रुंदी ३१० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. अमेरिकेतल्या ट्रॅक्ससने १९९९ साली टी-मॅक्स काढून ज्या ट्रकांची साथ पसरवली, ते रुंदीला चाळीस सेंटिमीटरच्या घरात जातात, आणि खोक्यावर मात्र १/१० लिहून मोकळे होतात.

मुलाने समजूत घातली. "काका, तो मोठ्या ट्रकचा दहावा भाग आहे. ही लहान गाडीचा आठवा."

हे पटलं. म्हणून पुढचा प्रश्न विचारला, की ही कुठल्या गाडीचा आठवा भाग? मागे उंच काळा पंख, चारही चाकं धडाच्या बाहेर, काचेच्या जागी काळा स्टिकर आणि टपाला भोक पाडून वर आलेलं इंजिनाचं डोकं. अशी गाडी मी नगर रोडला तर पाहिली नाहीच, पण सिनेमातही नाही. मुलाने मालकांना विचारलं, मालकांनी कॅटलॉग चाळला. कॅटलॉगात असणार कशी? १/८ बग्गी ही कुठल्याच खऱ्या गाडीची प्रतिकृती नाही. मूळ गाडी कधी झालीच नाही. तिचा आठवा हिस्सा तेवढा कारखान्यात तयार होतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर माझाही अशाच स्वरूपाचा एक हिस्सा आहे, पण तो मी कुणाला खोक्यात घालून विकलेला नाही.

त्यातून १/८ म्हणजे बग्गीच, असंही नाही. बग्गीपेक्षा लांबरुंद आणि ट्रकची चाकं लावलेली ट्रगी हीसुद्धा १/८. डांबरावर जमिनीला पोट लावून पळणारी चपटी गाडीही १/८. तिघी शेजारी शेजारी ठेवल्या तर बहिणी सोडा, एका गावच्याही वाटत नाहीत.

इंजिनाचं माप आणखी निराळ्या दरबारात चालतं. "हिच्यात ट्वेंटीवन आहे," मुलगा म्हणाला. एकवीस काय, सीसी? नाही, पॉइंट एकवीस. पॉइंट एकवीस काय? क्यूबिक इंच. १९५६ साली कायदा करून आपण इंच, पौंड, शेर, मण यांना निरोप दिला. मापाच्या कपावर दंडुका उगारणारे निरीक्षक नेमले. एवढं सगळं झाल्यावर घन इंच या दुकानात दशांश चिन्ह लावून मागच्या दाराने आत आलेला आहे. .२१ म्हणजे साडेतीन सीसी. .१२ म्हणजे दोनाच्या किंचित वर, .१८ म्हणजे तीन, .२८ म्हणजे साधारण साडेचार. शर्यतीच्या १/८ बग्गीत साडेतीनच चालतं, १/१० ऑनरोडला .१२ असतं. सरळ सीसी सांगितले तर बिघडतं काय? पण मग इंजिनाचं तापमान फॅरनहाइटमध्ये सांगायला तोंड राहणार नाही, आणि ते तर सगळे फॅरनहाइटमध्येच सांगतात.

तेव्हा खोक्यावरचा अपूर्णांक सोडा. गाडीचं माप ठरवतं मैदान, आणि मैदान ठरवणं आपल्या हातात नसतं.

१/१० ऑनरोड गाडी दिसायला सगळ्यांत देखणी. खऱ्या गाडीसारखी बॉडी, बारीक टायर. तिचं पोट आणि जमीन यांच्यात पाच-सहा मिलिमीटरचं अंतर असतं. आता सोसायटीतला अंतर्गत रस्ता डोळ्यांसमोर आणा. पेव्हर ब्लॉक बसवून चार पावसाळे झालेत. ड्रेनेजच्या झाकणाजवळचे ब्लॉक खचलेत, गुलमोहराखालचे मुळांनी उचललेत. सांध्यांतून गवत आलंय, आणि त्यावर कुणीतरी सकाळी गॅलरी झाडताना वरून टाकलेला खराट्याचा हीर पडलेला आहे. या हिरावर ही गाडी अडते. पुढे दहा सेंटिमीटर उंचीचा स्पीड ब्रेकर आहे. १/१० च्या हिशेबाने तो एक मीटर उंचीचा बंधारा झाला. १/१६ गाडीचे हाल तर बघवत नाहीत. बांधकामाच्या ढिगाऱ्यातून निसटलेला दोन सेंटिमीटरचा खडीचा तुकडा तिच्या मानाने फूटभर उंचीची दरड असते. मघाच्या त्या गृहस्थांचा नातू या क्षणी अशाच एखाद्या दरडीसमोर उभा असणार.

मुरूम, खडी, खड्डे, गवत यांना पुरून उरते ती १/८ बग्गीच, कारण तिची चाकं मोठी आणि शॉकॲब्सॉर्बर दमदार. म्हणून ती घ्यावी, तर तिला पळायला जागा लागते. ताशी ६० किलोमीटर हा तिच्या दृष्टीने काही विक्रम नव्हे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. आमच्या सोसायटीचा रस्ता गेटपासून पंपरूमपर्यंत साठ मीटर. चार सेकंदांच्या आत संपला. त्यातच वेगही घ्यायचा, वळायचंही, आणि वाटेत पंपरूमच्या कट्ट्यावर बसलेल्या ज्येष्ठ नागरिक संघाला पाय वर घ्यायची सवडही द्यायची. सव्वातीन-साडेतीन किलोचा ऐवज या वेगाने घोट्यावर बसला तर त्याला कुणी खेळणं म्हणत नाही. मग मैदान शोधा. शाळेच्या मैदानावर एकात एक गुंतलेले क्रिकेटचे पाच सामने चालू असतात, आणि शनिवारी-रविवारी त्यावर लग्नाचा मांडव पडतो. टेकडीवर नेऊ नका. उन्हाळ्यात तिथे गवत वाळलेलं असतं आणि या इंधनाची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही.

इंधनाची तर निराळीच कथा आहे. या गाड्या पेट्रोलवर चालतात असा लोकांचा समज असतो. १/८ आणि १/१० च्या पोटात जातं ते मिथेनॉल, वंगणाचं तेल आणि दहा ते तीस टक्के नायट्रोमिथेन यांचं मिश्रण. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूतून त्याने शंभरावर माणसं मारली. ते विकायला आणि साठवायला परवाना लागतो, आणि तो लागावाच, याबाबत माझी तिरकस बोलायची तयारी नाही. माझी तक्रार गाडी विकणाऱ्यांविषयी आहे. गाडी कुरियरने तीन दिवसांत घरपोच येते. ज्वालाग्राही पदार्थ म्हणून इंधन कुरियरवाले घेत नाहीत, विमानाने तर ते साध्या पार्सलसारखं जाऊच शकत नाही. गाडी घरी, इंधन परगावी. भाच्याने कॉलेजच्या स्पर्धेसाठी अशीच गाडी बांधली होती, त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, आमच्या टीमने आधी इंजिन आणलं. मग वर्षभर फ्युएल शोधलं. मग पासआउट झालो."

मिळालंच तर डब्याचं झाकण घट्ट लावा. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आषाढात आपल्याकडे हवेत दुसरं काही नसतंच. पाणी प्यायलेल्या इंधनावर इंजिन धड चालत नाही आणि आतल्या बेअरिंगना गंज चढतो. म्हणजे चातुर्मासात या गाडीनेही विश्रांतीच घ्यायची.

१/८ बग्गीची टाकी १२५ मिलिलिटरची. लिटरमध्ये आठ टाक्या. एक टाकी आठ-दहा मिनिटं जाते. हे ऐकून आमच्या मेहुण्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच, "ॲव्हरेज काय देते?" हिशेब करून सांगितला. सरासरी तीसचा वेग धरला तर आठ मिनिटांत चार किलोमीटर, म्हणजे लिटरला बत्तीस. मेहुणे म्हणाले, "आमची स्कूटर पंचेचाळीस देते, आणि वर बसताही येतं." ते पुढे आणखी काही बोलणार होते, पण चहा आला.

या सगळ्या कटकटीवर उतारा म्हणून लोक १/५ सुचवतात. तिच्यात तेवीस, सव्वीस सीसी किंवा त्याहून मोठं टू-स्ट्रोक इंजिन असतं, स्पार्क प्लग असतो, आणि ते साध्या पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळून चालतं. लुना चालवलेल्या माणसाला यात काही नवीन नाही. सव्वीस सीसी म्हणजे अर्धी लुनाच. पण पंपावर बाटली घेऊन गेलात तर तिथला माणूस तुमच्याकडे न बघता डोक्यावरच्या पाटीकडे बोट करतो: सुटं पेट्रोल मिळणार नाही. गाडी पंपावर नेऊन तिच्या टाकीत थेट भरावं, तर दहा किलोची, ऐंशी सेंटिमीटर लांबीची गाडी काखोटीला मारून स्कूटरच्या रांगेत उभं राहावं लागतं. मागचे हॉर्न देतात. शिवाय ती माळ्यावर मावत नाही, कपाटात मावत नाही, आणि दिवाणाचं झाकण मी उचलल्याबरोबर आतल्या खोलीतून आवाज आला, "त्यात गाद्या आहेत हो."

शेवटी मी १/८ बग्गीच घेतली. ही गाडी इंधनावर चालते, बॅटरीवर नाही, हे तिचं मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. त्यावर विसंबून घरी आलात, की बॅटऱ्यांची यादी सुरू होते. हातातल्या रिमोटला पेन्सिल सेल. गाडीतल्या रिसीव्हरला आणि स्टिअरिंग-ब्रेकच्या मोटरांना वेगळा पॅक. ग्लो प्लगची तार सुरुवातीला तापवून लाल करायला दीड व्होल्टचा इग्नायटर. तार एकदा तापली की तिच्यातलं प्लॅटिनम आणि मिथेनॉल आपसांत बघून घेतात, मग इग्नायटर काढून ठेवायचा. हा भाग मात्र खरोखर सुंदर आहे. दोरी ओढायचा कंटाळा असेल तर स्टार्टर बॉक्स, त्याला बारा व्होल्ट. तापमान बघायच्या बंदुकीला आणखी एक. बॅटरीवरच्या गाडीला बॅटऱ्या कमी लागतात.

इंजिन नवं असताना चालू होणं ही एक स्वतंत्र शाखा आहे. पिस्टन वर टोकाला गेला की सिलिंडरमध्ये मुद्दाम घट्ट बसावा अशी त्याची घडण असते, त्यामुळे थंड इंजिनाची दोरी मध्येच अडकते. हे योग्यच आहे, पण बघायला जमलेल्या प्रत्येकाला ते "जाम झालंय" असं सांगावंसं वाटतं. इंजिन आधी जरा गरम करून घ्यावं, हा त्यावर रास्त उपाय. त्यासाठी मी घरात हेअर ड्रायर मागितला. बायकोने माझ्या डोक्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता तो काढून दिला.

पहिल्या काही टाक्या इंजिनाला भरपूर इंधन पाजून हळूहळू जाळायच्या असतात. म्हणजे लिटरमधलं निम्मं इंधन गाडी जागेवर गुरगुरत ठेवण्यातच जातं, आणि निळसर पांढऱ्या धुराचे लोट उठतात. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मी हा विधी सुरू केला, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दुसऱ्या मजल्यावरून एका काकूंनी विचारलं, "डासांचं औषध आज आलं होय? मागच्या बाजूलाही मारा हो, तिकडे फार आहेत." महापालिकेच्या फवारणीवाल्याचा जो मान मला आयुष्यात प्रथमच मिळाला, तो सेक्रेटरींनी पाच मिनिटांत हिरावून घेतला. आवाजाबद्दल तक्रार आहे म्हणाले. साडेतीन सीसीचं इंजिन मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेतं तेव्हा आवाज होतो, हे मी नाकारत नाही. पण गणपतीत याच पार्किंगमध्ये दहा दिवस स्पीकरची जी भिंत उभी असते, तिच्या आवाजाने माझ्या गॅलरीतल्या कुंड्या जागा सोडतात. तेव्हा सेक्रेटरी स्वतः भिंतीपुढे नाचत असतात.

मग विषय कमिटीपुढे गेला. खजिनदारांचं म्हणणं असं, की इंजिन आहे, इंधन आहे, चार चाकं आहेत, सबब हे चारचाकी वाहन आणि त्याला पार्किंग चार्ज लागू. मी म्हटलं, वाहन एक अष्टमांश आहे. ते म्हणाले, मग एक अष्टमांश द्या. इथे मला गणित काढणं भाग पडलं. लांबी एक अष्टमांश, रुंदी एक अष्टमांश, तेव्हा अडवलेली जागा एक चौसष्टांश. आणि पार्किंग चार्ज आपण जागेचा घेतो, लांबीचा नाही. खजिनदार सीए आहेत. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, एक चौसष्टांश काढून पाहिलं, आणि एवढ्या रकमेची पावती फाडायला पावतीपुस्तकाचा खर्च जास्त येईल असं मत नोंदवलं. अखेर प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत तहकूब झाला. तोवर गाडीच्या पुढच्या काचेवर सोसायटीचा स्टिकर लावावा, असं ठरलं. काच नाही. असती तरी स्टिकर तिच्यापेक्षा मोठा आहे.

एवढं झाल्यावरही कुणाला घ्यायचीच असेल, तर माझं मत विचारा; विचारलं नाहीत तरी सांगतो. मुरुमाचं किंवा मातीचं मोकळं मैदान हाताशी असेल आणि इंधन देणारा परवानाधारक माणूस गावात असेल, तर १/८ बग्गी घ्या, दुसरीकडे बघू नका. डांबराचा स्वच्छ, सपाट, रिकामा तुकडा मिळत असेल तर १/१० ऑनरोड. तसा तुकडा मला महाराष्ट्रात कुठेही पावसाळ्यानंतर दिसलेला नाही. शेत असेल तर १/५. फक्त गच्ची असेल तर बॅटरीवरची घ्या आणि शेजारधर्म टिकवा. माप कुठलंही असो, जिचे सुटे भाग तुमच्या दुकानाच्या भिंतीवर लटकलेले दिसतात तीच गाडी घ्या, कारण पहिल्याच दिवशी पुढचा आर्म तुटतो आणि तो भाग परदेशातून यायला दुसरा सण उजाडतो.

आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना एक नम्र विनंती. अपूर्णांक छापायचाच असेल तर छापा, पण त्याखाली बारीक अक्षरांत गाडीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, इंजिन सीसीमध्ये, लागणारं मैदान मीटरमध्ये आणि लागणारे सेल आकड्यांत द्या. खोक्यावर जागा भरपूर आहे. सध्या तिथे डोंगरावरून उडी मारणाऱ्या गाडीचं चित्र आहे.

तोवर, पुण्याच्या आसपास कुणाकडे मोकळा, कुंपण घातलेला, गवत नसलेला आणि शेजारी नसलेला भूखंड असल्यास कृपया कळवावं. गाडी, इंधन आणि सेल मी घेऊन येईन. जवळ प्लग पॉइंट हवा. आणि हेअर ड्रायर संध्याकाळी पाचच्या आत घरी परत द्यायचा आहे.